नाव नसलेली थडगी, नाव असलेल्या कबरी

होटगी हे जंक्शन आहे, एवढेच बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. सोलापूर सोडल्यावर थोड्याच वेळात हे स्थानक येते आणि गाडी येथे थांबलीच तर ती का थांबली याचा विचार कोणी करीत नाही. पण येथे वाट दुभंगते. मुंबईहून रायचूरकडे जाणारा जुना लोहमार्ग गुलबर्ग्याकडे वळतो. दुसरा फाटा दक्षिणेला उतरतो, भीमा ओलांडतो आणि विजापूरमार्गे गदगला पोचतो. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर सदर्न मराठा रेल्वेने हा फाटा मीटरगेजवर टाकला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. २०१४ पासून ही दोन शहरे सरकारी कागदोपत्री कलबुर्गी आणि विजयपुरा झाली आहेत. या लेखात मात्र मराठी वाचकाच्या कानाला सरावलेली जुनी नावेच ठेवली आहेत.

दोन्ही वाटा थडग्यांकडे जातात. विजापूरच्या वाटेवर आदिलशाही सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांच्यावर नावे आहेत, सनावळ्या आहेत, बांधणाऱ्याचा उल्लेखसुद्धा आहे. गुलबर्ग्याच्या वाटेवर बहमनी सुलतानांचे हफ्त गुंबज आहेत. पण त्याही पलीकडे, भीमेच्या काठी आणि जुन्या शोरापूर संस्थानाच्या माळांवर, त्यांच्याहून दीड-दोन हजार वर्षांनी जुनी दगडी थडगी आहेत. त्यांच्यावर एकही अक्षर नाही. स्वतः होटगी हे वीरशैवांच्या बृहन्मठाचे गाव. वीरशैव परंपरेत देह अग्नीला न देता भूमीला देतात. त्यामुळे मेलेल्या माणसासाठी दगड रचणे, त्या दगडाला स्मृतीचे घर मानणे, ही गोष्ट या परिसराला परकी नाही.

या दोन वाटांना जोडणारा एक माणूस आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो कादंबरीकार म्हणून माहीत असतो, पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला उत्खनक म्हणून. आणि दोघांनाही त्याची दुसरी बाजू सहसा माहीत नसते. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. दगडी थडगे 'वाचणे' म्हणजे काय, आणि त्या वाचनाची नोंद कशी ठेवावी, याचा विचार करताना त्याच्यापासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. त्याचे बरेचसे निष्कर्ष चुकले, हेही त्यामागचे एक कारण आहे.

*

टेलर १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मला, कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला आणि १८२४ मध्ये निजामाच्या नोकरीत शिरला. कंपनीच्या मुलकी सेवेतला तो माणूस नव्हे. त्या काळच्या साहेबी उतरंडीत त्याचे स्थान खालचेच होते. १८३९ साली ठगांवरची त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडात तिचा मोठा बोलबाला झाला. १८४१ पासून सुमारे बारा वर्षे तो शोरापूर या बेडर नायकांच्या संस्थानात राजाच्या अज्ञानकाळात कारभार पाहत होता. १८५३ मध्ये निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला. नळदुर्ग म्हणजे सोलापूरहून पन्नासेक किलोमीटर. तुळजापूर त्याच परिसरातले. पुढे १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'तारा' या त्याच्या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे आणि तिच्या कथेत अफझलखानाची स्वारी येते, हे या पार्श्वभूमीवर स्वाभाविकच म्हणावे लागेल.

शोरापूरच्या काळात त्याने एक उद्योग आरंभला. त्याची ना कोणी आज्ञा केली होती, ना त्यासाठी कोणी वेतन देत होते. माळावर दिसणारी दगडांची वर्तुळे, उभ्या शिळांच्या पेट्या, छतासारखी शिळा ठेवलेली दगडी घरे तो मोजू लागला, त्यांची चित्रे काढू लागला, आणि काही उघडूनही पाहू लागला. भीमेकाठच्या फिरोजाबादजवळ जिवर्जी नावाच्या गावी त्याने केलेल्या उत्खननाचा वृत्तान्त १८५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढच्या दशकात आयर्लंडच्या रॉयल अकादमीच्या ग्रंथमालेत त्याने या साऱ्या कामाचे सविस्तर वर्णन छापले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. थडगी उघडणारा टेलर पहिला नव्हे. दक्षिणेत त्याच्या आधीही साहेबांनी थडगी उघडली होती आणि साहेब येण्याच्या कितीतरी आधी धनाच्या आशेने गावकऱ्यांनीही. थडगे उघडणाऱ्याला सहसा आत काय सापडले यातच रस असे. मडके सापडले, भाल्याचे पाते सापडले, ते उचलले, कपाटात ठेवले. ते कुठे होते, कशाच्या वर होते, कशाच्या खाली होते, हे कोणी लिहून ठेवत नसे. टेलरने थडगे मधोमध कापल्यासारखे दाखवणारी छेदचित्रे काढली. वर दगडांचे वर्तुळ, आत माती आणि धोंड्यांची भर, तिच्या खाली शिलापट्टांची पेटी, पेटीत अस्थी, काळी-तांबडी मडकी आणि लोखंडाची हत्यारे. प्रत्येक गोष्ट आपापल्या थरात, आपापल्या जागी.

ही चित्रे साधी आहेत. पण जागा हाच थडग्याचा अर्थ असतो. मडके अस्थींच्या वर ठेवले होते की खाली, भर एकाच वेळी टाकली की दोनदा, पेटी पुन्हा उघडली होती काय, या प्रश्नांची उत्तरे वस्तूत नसतात, वस्तूंमधल्या अंतरात असतात. कवितेतून शब्द वेचून अकारविल्हे लावले तर कोश होईल, कविता उरणार नाही. टेलरच्या काळी संग्रहालयांत असे कोश पुष्कळ भरत होते. त्याने कवितेचा पाठ जपला.

मॉर्टिमर व्हीलर हे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि थर पाहून खणण्याची शिस्त त्यांनी येथे रुजवली. दुसऱ्यांच्या उत्खननाविषयी त्यांचे मत सहसा कडवट असे. पण उत्खननपद्धतीवरील आपल्या १९५४ च्या पुस्तकात त्यांनी टेलरच्या छेदचित्रांची वाखाणणी केली. त्याआधीच, १९४१ साली, हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने टेलरचे हे लेख एकत्र करून पुन्हा छापले होते. नव्वद वर्षांपूर्वीची नोंद कामाची वाटते म्हणून पुन्हा छापावी लागणे, ही कोणाही लेखकाला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे.

*

आता त्याच्या चुकांकडे वळू.

टेलरला वाटले, ही थडगी शक किंवा केल्ट लोकांची असावीत. आयर्लंड-इंग्लंडमधली दगडी वर्तुळे त्याने वाचली-पाहिली होती. दख्खनच्या माळावर तसेच वर्तुळ दिसताच त्याने दोन्हींचा गोत्रसंबंध जोडला. त्याच्या लेखांच्या शीर्षकांतच ड्रुइड आणि शक येऊन बसले आहेत. जिवर्जीच्या थडग्यांत काही सांगाड्यांची शिरे धडापासून वेगळी आढळली, तेव्हा हा नरबळीचा प्रकार असल्याचा निष्कर्ष त्याने काढला. ठगांवर कादंबरी लिहिलेल्या माणसाला हिंदुस्थानच्या मातीत हिंसेचा वास लवकर येणे समजण्याजोगे आहे. येथे कादंबरीकाराने उत्खनकाच्या हातातली लेखणी क्षणभर काढून घेतली, असे म्हणण्याचा मोह होतो.

आज ही उपपत्ती कोणी मानत नाही. दख्खन आणि दक्षिणेतली ही बृहदश्म थडगी लोहयुगातली, स्थूलमानाने इसवी सनापूर्वीच्या सहस्रकातली आणि येथल्याच लोकांची. त्यांच्यापैकी अनेकांत संपूर्ण देह पुरलेला नसतो. देह आधी अन्यत्र ठेवून, नंतर काही अस्थी वेचून पेटीत ठेवण्याची रीत होती. शिर वेगळे आढळले म्हणजे गळा कापला असे होत नाही. अस्थिसंचयाची कल्पना असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे सांगण्याचीही फारशी गरज नसावी.

पण ही सुधारणा आपण कशाच्या आधारावर करू शकतो? पुष्कळ अंशी टेलरच्याच नोंदीच्या आधारावर. अस्थी कशा पडल्या होत्या, शिर कोणत्या बाजूला होते, मडकी कुठे होती हे त्याने चित्रात दाखवले नसते आणि केवळ 'येथे नरबळी दिले जात' एवढेच लिहिले असते, तर आपल्याला त्याच्यावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच शक्य होते. त्याला तपासणे शक्य झाले नसते. त्याने जे पाहिले ते आणि त्यावरून त्याला जे वाटले ते, या दोहोंत अंतर ठेवले. म्हणून त्याचे मत कोसळले तरी नोंद उभी राहिली.

मला वाटते, चांगल्या नोंदीची हीच कसोटी आहे. नोंद अशी असावी, की तिच्याच आधारे नोंद करणाऱ्याला खोडता यावे.

मराठी वाचकाला याचे घरचे उदाहरण आठवेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यांच्या प्रस्तावना वाचताना आजही दम लागतो, इतक्या त्या जोरकस आहेत. त्यांतल्या कित्येक उपपत्ती पुढच्या अभ्यासकांनी बाजूला सारल्या. पण त्या बाजूला सारण्याचे साहित्य राजवाड्यांनीच पुरवले होते. त्यांनी पत्रे मुळाबरहुकूम छापली. त्यांना हवे ते निवडून, सारांश करून, आपल्या मताला पोषक असे मांडले असते, तर आज मत गेले असते आणि त्याबरोबर पत्रेही गेली असती. दप्तर आणि थडगे यांत तसा फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांनी एका विशिष्ट क्रमाने ठेवलेल्या वस्तू असतात आणि उघडणारा तो क्रम मोडतो. फरक असलाच तर हा, की कागद पुन्हा गुंडाळून ठेवता येतो. खणलेले थडगे पुन्हा न खणल्यासारखे करता येत नाही.

याच्या उलट उदाहरण पाहायचे तर ग्रीसमध्ये जावे लागेल. टेलर १८७६ च्या मे महिन्यात वारला आणि त्याच वर्षी हाइनरिख श्लीमान याने मायसीनी येथे राजघराण्याची थडगी उघडली. सोन्याचे मुखवटे सापडले. होमरच्या भक्ताला त्यांतल्या एका मुखवट्यात आगामेम्नॉन दिसला आणि 'आगामेम्नॉनचा मुखवटा' हे नाव जगभर रूढ झाले. पुढे कळले, की ही थडगी ट्रोजन युद्धाच्या कल्पित काळाहून किमान तीन शतके जुनी आहेत. मुखवटा कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नाही. पण नाव काही सुटत नाही. तेथेच जवळ घडीव दगडांचे, मधमाशांच्या पोळ्याच्या आकाराचे, आतून सुमारे साडेचौदा मीटर व्यासाचे भव्य थडगे आहे. लोक त्याला अत्रेउसचा खजिना म्हणत आले. तो ना खजिना, ना अत्रेउसचा. अनाम मृताला नाव देण्याची ओढ माणसाला फार असते. आणि दिलेले नाव हे बहुधा देणाऱ्याच्या वाचनाविषयी सांगते, मृताविषयी नव्हे.

टेलरनेही शक आणि ड्रुइड आणलेच. पण त्याने कोणा एका सांगाड्याला राजाचे नाव दिले नाही. शिवाय गावकरी या दगडी घरांना काय म्हणतात, तेही त्याने लिहून ठेवले. राजनकोळूरच्या परिसरातले लोक त्यांना मोरियरांची घरे म्हणत. मोरियर म्हणजे फार पूर्वी होऊन गेलेली बुटक्या माणसांची जात. एवढ्याशा घरात आणि भिंतीतल्या शिळेला पाडलेल्या एवढ्याशा गोल भोकातून ये-जा करणारी माणसे बुटकीच असणार, हा त्यामागचा तर्क. आपल्याकडे लेणी दिसली की ती पांडवांनी एका रात्रीत कोरलेली असतात; तोच हा न्याय, फक्त उलटा. तेथे काम अचाट म्हणून कर्ते अचाट, येथे घर लहान म्हणून कर्ते लहान. दोन्ही कथा वास्तूच्या आकारावरून रचलेल्या आहेत, म्हणजे लोकांनीही वास्तू वाचलीच होती.

*

आता होटगीच्या दुसऱ्या फाट्याने विजापूरला जाऊ. येथे सगळे उलट आहे. मृतांची नावे माहीत आहेत आणि खणण्याचा प्रश्नच नाही. येथे नोंद करायची ती उभ्या वास्तूची.

विजापूर १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होते. १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर ते कंपनीकडे आले. त्या सुमारास साताऱ्याचा कारभार पाहणाऱ्या बार्टल फ्रियरच्या देखरेखीखाली विजापूरच्या मुख्य इमारतींची मोजणी आणि आरेखने सुरू झाली. कॅप्टन हार्ट, कमिंग नावाचा एक अभियंता आणि काही देशी आरेखक यांनी हे काम केले. आरेखनांचा संग्रह जेम्स फर्ग्युसनच्या संपादनाखाली १८५९ मध्ये निघाला. पुढे १८६६ साली छायाचित्रांसह मोठा ग्रंथ निघाला, त्यात वास्तुविषयक टिपणे फर्ग्युसनची आणि ऐतिहासिक निवेदन मेडोज टेलरचे. होटगीच्या दोन्ही वाटा येथे एकत्र येतात.

गोल घुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर. शाळेच्या सहलीत तेथे जाऊन आलेल्या प्रत्येकाला त्यातला प्रतिध्वनी आठवतो. सज्ज्यात उभे राहून आपापल्या नावाने हाका मारणाऱ्या मुलांच्या गलक्यात ही वास्तू उभी कशी राहिली, असा प्रश्न कोणाला पडत नाही. आराखडा समोर ठेवला की तो पडतो. खालची खोली चौरस आहे, प्रत्येक बाजू आतून सुमारे १३५ फूट, म्हणजे क्षेत्रफळ अठरा हजार चौरस फुटांहून अधिक. वरच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट. चौरसावर वर्तुळ बसवायचे कसे, ही घुमट बांधणाऱ्या प्रत्येकाची जुनी अडचण. येथे एकमेकांत अडकलेल्या दोन चौरसांच्या रेषांवर आठ कमानी उभारल्या आहेत. त्या एकमेकींना छेदतात आणि छेदता छेदता आत झुकत येतात. वर पोचेपर्यंत चौरसाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ होते. मधल्या जागेत तो प्रसिद्ध सज्जा उरतो. घुमटाचा भार भिंतींना बाहेर ढकलू पाहतो, तर आत झुकलेल्या या कमानींचे वजन त्याच भिंतींना आत ओढते. दोन्ही जोर एकमेकांना तोलतात, असा उलगडा फर्ग्युसनने केला. एवढ्या मोठ्या जागेवर मधला एकही खांब न देता छत धरण्याचे रहस्य त्याने या तोलात पाहिले.

हा उलगडा करायला आधी आरेखन लागते. घुमटाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला कमानी दिसतात, त्यांच्यामागचे दोन चौरस दिसत नाहीत. ते कागदावरच दिसतात. छंदाचे तसेच आहे. कविता ऐकताना लय जाणवते, गण मात्र मात्रा मांडल्यावर कळतात.

आणखी एक तपशील. घुमटाखाली चौथऱ्यावर ज्या कबरी दिसतात, त्या खऱ्या नव्हेत. खऱ्या कबरी तळघरात, त्यांच्या बरोबर खाली आहेत. वरच्या केवळ खुणा. शेजारी त्याच्या बेगमांच्या आणि रंभा नावाच्या नर्तकीच्याही कबरी आहेत. पाहणारा आयुष्यभर वरचीच कबर कबर समजतो. छेदचित्रात मात्र दोन्ही, एकाखाली एक, स्पष्ट दिसतात. दक्षिण दारावरच्या लेखात फारसी वाक्यांचे तीन तुकडे आहेत आणि अबजद पद्धतीने अक्षरांची किंमत मोजली तर प्रत्येक तुकड्याची बेरीज १०६७ येते. हा हिजरी सन, म्हणजे इसवी सन १६५६. महंमदशहाच्या मृत्यूचे वर्ष. वाक्य वाचले तर प्रार्थना, मोजले तर तारीख. संतकाव्यातली कूटे सोडवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटावा.

शहराच्या दुसऱ्या टोकाला इब्राहीम रोजा आहे. १६२७ मध्ये वारलेला दुसरा इब्राहीम आदिलशहा तेथे विसावला आहे. दख्खनीत 'किताब-ए-नौरस' रचणारा, संगीताच्या नादात सरस्वतीला वंदन करणारा हा सुलतान. बांधकाम सुरू झाले ते त्याच्या बेगमेसाठी, ताज सुलतानासाठी. येथल्या एका लेखात ही वास्तू उभी करणाऱ्या मलिक संदल याचे नाव कोरलेले आहे. सुलतानाच्या कबरीवर बांधणाऱ्याचे नाव येणे ही दख्खनच्या इतिहासातली दुर्मिळ गोष्ट आहे, आणि विजापूरने ती करून दाखवली.

म्हणूनच १८५९ च्या त्या ग्रंथाचे शीर्षकपत्र मला बोचते. त्यात हार्टचे नाव आहे, कमिंगचे आहे, फ्रियरचे आहे, फर्ग्युसनचे आहे. आणि मग फक्त 'देशी आरेखक'. अनेकवचनी, अनाम. फूटपट्टी घेऊन भर उन्हात गोल घुमटाच्या भिंतीला लागलेली, मोजमापे कागदावर उतरवणारी, नक्षीतली प्रत्येक वेल पाहून पाहून काढणारी माणसे या एका शब्दात मावली आहेत. सुलतानाने ज्याचे नाव दगडात राहू दिले तो बांधणारा, आणि ग्रंथकर्त्यांनी ज्यांची नावे कागदावरही येऊ दिली नाहीत ते नोंदणारे, यांच्यामध्ये जेमतेम सव्वादोनशे वर्षे आहेत. सुलतानशाही आणि सुधारलेले राज्य यांची तुलना आपण फार ठिकाणी करतो. या एका बाबतीत ती करून पाहावी.

१९१६ मध्ये हेन्री कझेन्सचा विजापूरवरचा बृहद्ग्रंथ पुरातत्त्व सर्वेक्षणाने काढला, आणि विजापूरचा अभ्यासक आजही त्याच्याकडे वळतो. पण कझेन्सचा पायाही त्या आधीच्या मोजण्यांतच होता.

*

टेलरच्या गोष्टीला एक काळी किनार आहे आणि ती टाळून हा लेख संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शोरापूरचा बाल राजा वेंकटप्पा नायक टेलरच्या देखरेखीखाली वाढला. १८५७-५८ च्या उठावात राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, तो पकडला गेला, त्याला शिक्षा झाली आणि ती भोगायला नेत असताना १८५८ मध्ये पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. ज्या माळांवर बसून टेलरने अनाम मृतांच्या पेट्यांची चित्रे काढली होती, त्याच मुलखात तो आता कमिशनर म्हणून परत आला. संस्थान उरले नव्हते. १८७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने या राजाविषयी ममतेने लिहिले आहे. ती ममता खोटी होती असे मला वाटत नाही. पण ती सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची ममता होती.

मग त्याच्या नोंदीचे काय करायचे? ती साम्राज्याची नोंद म्हणून टाकून द्यायची? साहित्याच्या वर्गात हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो आणि तो विचारला गेलाच पाहिजे. मोजणे ही निष्पाप क्रिया नव्हे. महसुलासाठी जमीन मोजणारी आणि स्मृतीसाठी कबर मोजणारी साखळी पुष्कळदा एकाच कचेरीतून निघत असे. साताऱ्याचे राज्य खालसा झाले नसते तर हार्ट विजापूरला गेला असता काय, याचा विचार करून पाहावा.

तरीही मी नोंदीच्या बाजूने उभा राहीन, आणि त्याचे कारण वर आले आहे. ज्या नोंदीच्या आधारे नोंदणाऱ्यालाच खोडता येते, ती त्याच्या हातातून सुटलेली असते. टेलरचा ड्रुइड आपण नाकारतो तो टेलरच्या छेदचित्रावर बोट ठेवून. 'देशी आरेखक' या शब्दातला अन्याय आपण दाखवतो तो त्याच शीर्षकपत्रावर बोट ठेवून. व्हीलर यांनी १९४७ मध्ये ब्रह्मगिरीला थडगी खणून जो काळ ठरवला, तोही पुढे बराच मागे न्यावा लागला. आणि त्यासाठीही व्हीलर यांच्याच थरांच्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. सत्ता जाते, मत जाते. नीट काढलेली रेघ राहते आणि ती कोणाच्याही बाजूने साक्ष देऊ शकते.

महाराष्ट्रात ही परंपरा विदर्भात रुजली. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळे १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने उघडली. शंभर वर्षांनी, शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथे पद्धतशीर उत्खनने केली. माहूरझरीच्या १९७०-७२ मधील उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे साज सापडले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ज्याच्यासोबत घोडा पुरतात, तो समाजात मोठा असणार, हे उघड आहे; पण त्याला राजा म्हणण्याचा मोह उत्खनकांनी आवरला. श्लीमान आणि देव यांच्यातले अंतर या संयमात मोजता येते. आज नागपूरच्या वाढत्या परिसरात, खाणींमुळे आणि भूखंडांमुळे, ही वर्तुळे नाहीशी होत आहेत. जी नोंदली गेली ती कागदावर तरी राहतील. जी नोंदली गेली नाहीत, ती रस्त्याची खडी होतील आणि ती कधी होती हेही कोणाला कळणार नाही.

मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मरण येते ते असे. पहिले मरण निसर्गाचे, त्याला इलाज नाही. दुसरे आपल्या आळसाचे.

होटगीच्या फलाटावर कधी थांबणे झाले, तर दोन्ही रुळांकडे पाहावे. एका बाजूला नावे आहेत, बेरजेत लपवलेल्या तारखासुद्धा आहेत. दुसऱ्या बाजूला मोरियरांची घरे आहेत, त्यांच्या गोल भोकातून आत डोकावणाऱ्याला तिथल्या मृताचे नाव कधीच कळणार नाही. पण तो कसा निजला होता, त्याच्या उशाशी मडके होते की पायाशी, आणि वर किती दगड रचून माणसे घरी परतली, एवढे मात्र कळू शकते. कोणीतरी मान खाली घालून ते काढून ठेवले असेल तर.